साडेचार तासांचा पियानो: सोराबजीच्या ‘ओपुस क्लाविचेम्बालिस्टिकुम’चं चांगलं ध्वनिमुद्रण कसं शोधावं

कैखुश्रू शापुरजी सोराबजी. नाव वाचून धोबी तलावाजवळच्या एखाद्या जुन्या इमारतीत राहणारे पारशी गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. वडील खरंच मुंबईचे पारशी, सिव्हिल इंजिनिअर. आई मात्र इंग्रज. सोराबजीचा जन्म १८९२ सालचा, लंडनजवळच्या चिंगफर्डचा, आणि तो मरेपर्यंत, म्हणजे १९८८ पर्यंत, इंग्लंडातच राहिला. कुणी ‘भारतीय संगीतकार’ म्हटलं की तो भडकायचा. मी पारशी, एवढंच त्याचं म्हणणं. त्यामुळे ‘आपला माणूस’ म्हणून त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. संगीतही पूर्णपणे युरोपियन वळणाचं आहे, बाख आणि इटालियन संगीतकार-पियानोवादक बुसोनी यांच्या घराण्यातलं म्हणा.

त्याची सगळ्यात गाजलेली रचना म्हणजे ‘ओपुस क्लाविचेम्बालिस्टिकुम’. २५ जून १९३० रोजी ती लिहून पूर्ण झाली आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला ग्लासगोमध्ये त्यानं स्वतः ती वाजवली. एकटा पियानो, बारा भाग, छापील प्रत सुमारे अडीचशे पानांची, वेळ चार ते पावणेपाच तास. पियानोच्या नोटेशनमध्ये एरवी दोन ओळी असतात. इथे तीन, चार, कधी पाचही. शेवट लिहून होताच त्यानं मित्राला पत्र पाठवलं, त्यात या शेवटच्या पानांतली हार्मनी नायट्रिक ॲसिडसारखी चावते असं म्हटलंय. ऐकणाऱ्याला ते पटतं.

आता प्रश्न असा की नव्यानं ऐकणाऱ्यानं कुठलं ध्वनिमुद्रण घ्यावं. बीथोव्हेनच्या सोनाटांची शेकडो ध्वनिमुद्रणं आहेत, तिथे अडचण भरमसाट पर्यायांची. इथे उलट. नावं मोजकी, त्यातलं निर्दोष एकही नाही, आणि इंटरनेटवर अर्धवट तुकडे, चुकीची लेबलं आणि कॉम्प्युटरनं वाजवलेल्या आवृत्त्या सरमिसळ होऊन पडलेल्या.

आधी: इतकी कमी का

१९३६ मध्ये जॉन टोबिन या पियानोवादकानं लंडनमध्ये या रचनेचा फक्त पहिला खंड वाजवला. त्याला हवा त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागला आणि समीक्षकांनी रचनेवरच झोड उठवली. सोराबजीचं मत असं की असं वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं शतपटीनं बरं. त्यानंतर त्यानं स्वतः मंचावर वाजवणं सोडलं आणि आपल्या परवानगीशिवाय आपली रचना कुणी वाजवू नये असं जाहीर केलं. वडिलांनी ठेवलेल्या पैशांवर त्याचं भागत होतं, मैफिलींच्या बिदागीची गरज नव्हती. त्यामुळे हा हट्ट त्याला परवडला. साधारण चाळीस वर्षं दार बंद. १९७६ मध्ये योन्टी सॉलोमन आणि मायकेल हाबरमान अशा मोजक्या वादकांना परवानगी मिळायला लागली.

हा इतिहास निवडीच्या वेळी उपयोगी पडतो, म्हणून सांगितला. ‘आमच्या गुरूंनी असं वाजवलं’ म्हणायला इथे गुरूच नाहीत. ज्यानं त्यानं छापील प्रत समोर ठेवून स्वतःच वाट काढली, आणि त्या प्रतीतही छपाईच्या चुका आहेत. दोन ध्वनिमुद्रणांतला फरक तुम्हाला कमालीचा मोठा वाटेल, त्यामागे हे कारण आहे.

नकाशा हाताशी ठेवा

रचना तीन खंडांत आहे. पहिल्या खंडात इन्त्रोइतो नावाची छोटी सुरुवात, मग प्रेल्युडिओ-कोराले, पहिली फ्यूग, फान्तासिया आणि दुसरी फ्यूग. दुसऱ्या खंडात एका विषयावरची ४९ व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनेची बदलती रूपं, एक छोटी कादेन्झा (मुक्त, कसरतीचा तुकडा) आणि तिसरी फ्यूग. तिसऱ्या खंडात टोकाटा (वेगवान बोटांचं काम), अडाज्यो (संथ भाग) आणि ८१ व्हेरिएशन्सचा पासाकाल्या मिळून एक अवाढव्य इंटरल्यूड, पुन्हा छोटी कादेन्झा, चौथी फ्यूग, आणि कोडा-स्त्रेत्ता हा शेवट.

फ्यूगमध्ये एक धून एका आवाजात सुरू होते, तीच दुसऱ्या आवाजात येते, मग तिसऱ्या, आणि सगळे आवाज एकाच वेळी स्वतंत्रपणे चालत राहतात. पहिल्या फ्यूगमध्ये एक विषय, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. म्हणजे पुढे जाल तसं अवघड होत जातं, वाजवणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. सगळ्यात जड फ्यूग तीन तास वाजवून झाल्यावर येते. कुठलंही ध्वनिमुद्रण जोखताना वादक तिथे कसा टिकला हे पाहायचं.

पासाकाल्याची ओळख मराठी श्रोत्याला लेहऱ्यावरून पटकन पटेल. तबल्याच्या सोलोला हार्मोनियमवर एकच लेहरा फिरत राहतो आणि त्यावर तबलजी कायदे, रेले, तुकडे मांडतो. इथे तो लेहरा, मुळात खर्जातला, आणि वरचं सगळं काम एकच माणूस दोन हातांनी करतो, ८१ वेळा. फरक एवढाच की इथे लेहराही मधून मधून वेश बदलतो, कुठल्याही सप्तकात जाऊन लपतो.

शोधताना

देवनागरीत शोधून काही हाती लागत नाही. रोमनमध्ये रचनेचं नाव टाइप करताना ‘क्लाविचेम्बा’मधल्या ‘च’ला सी-एच नाही, नुसता सी: सी-एल-ए-व्ही-आय-सी-ई-एम-बी-ए. एवढं टाइप केलं की बहुतेक ठिकाणी पुढचं आपोआप येतं. बोलून शोधायच्या भानगडीत पडू नका, फोन भलतंच ऐकतो. नुसतं ‘सोराबजी’ टाकलंत तर कॉर्नेलिया सोराबजी पुढे येतील, नाशिकला जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक. वाचण्यासारखं आयुष्य आहे त्यांचं, पण आज आपल्याला त्या नकोत.

निकाल समोर आले की वादकाचं नाव बघण्याआधी एकूण वेळ बघा. साडेतीन तासांच्या आत संपत असेल तर ते पूर्ण नाही असं धरून चला. पाऊण-एक तासाचं असेल तर बहुधा फक्त पहिला खंड. दहा-बारा मिनिटांचं असेल तर सुरुवातीचे दोन भाग. हाबरमाननं तेवढेच ध्वनिमुद्रित केले होते आणि ते स्वतंत्रपणे फिरतात. ट्रॅक मोजून मात्र फसाल. बारा भाग असले तरी कुणी मोठे भाग तोडून बरेच ट्रॅक करतं, कुणी दोन भाग जोडून टाकतं. वेळेवरच विश्वास ठेवावा.

दुसरी पडताळणी: माणूस वाजवतोय की यंत्र? सोराबजीचे चाहते त्याचं नोटेशन कॉम्प्युटरमध्ये भरून त्याचा आवाज तयार करतात, आणि पडद्यावर पानं सरकत असल्यामुळे व्हिडिओ मोठा अधिकृत दिसतो. ओळखायची खूण सोपी. प्रत्येक सूर सारख्याच वजनाचा, दोन वाक्यांमध्ये श्वास नाही, आणि वेगवान जागी एकाही सुराची घाई किंवा ओढाताण नाही. हे वाईट नाही. फ्यूगचा सांगाडा समजून घ्यायला चांगलंच उपयोगी आहे. पण तेच ऐकून ‘सोराबजी रुक्ष आहे’ असं मत बनवू नका. वर्णनात वादकाचं नाव, ठिकाण आणि साल यातलं काहीच नसेल तर संशय घ्या.

दोन नावं: मॅज आणि ऑग्डन

संपूर्ण आणि रीतसर प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांत फिरून फिरून याच दोघांशी गाठ पडते.

जेफ्री डग्लस मॅज हा मूळचा ऑस्ट्रेलियन. सोराबजीनंतर ही रचना मैफिलीत अथपासून इतिपर्यंत वाजवणारा पहिला. ११ जून १९८२, हॉलंड फेस्टिव्हल, उट्रेख्त. ती मैफल एलपींच्या संचावर आली होती. पुढच्या वर्षी त्यानं शिकागोमध्ये पुन्हा वाजवली, आणि ती मैफल स्वीडनच्या बिस कंपनीनं १९९९ मध्ये पाच सीडींवर काढली. म्हणजे मॅजच्या नावावर दोन वेगळ्या संध्याकाळी आहेत. मॅज म्हटल्यावर ‘उट्रेख्त की शिकागो’ हे विचारायचंच. नुसतं ‘१९८३’ छापलेलं पाहून ठरवू नका, कारण उट्रेख्तच्या एलपीही त्याच सुमाराला आल्या.

जॉन ऑग्डन इंग्रज, मॉस्कोतल्या १९६२ च्या चायकोव्हस्की पियानो स्पर्धेचं पहिलं पारितोषिक अश्कनाझी या पियानोवादकाबरोबर विभागून मिळवलेला. विशीपासून त्याला या रचनेचं वेड. मधली बरीच वर्षं गंभीर मानसिक आजारात गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्यानं स्टुडिओत ती संपूर्ण ध्वनिमुद्रित केली, जुलै १९८८ मध्ये लंडनला मैफिलीतही वाजवली. आल्टारुस कंपनीनं ध्वनिमुद्रण १९८९ मध्ये काढलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑग्डन गेला.

दोघांच्या वेळेत जवळपास पाऊण तासाचा फरक पडतो: मॅज चार तासांच्या आसपास, ऑग्डन पावणेपाच तास. हा पाऊण तास कुठून आला हे ऐकणं फार मजेचं आहे. ऑग्डन सगळीकडे संथ नाही. जलद जागी तो कधी कधी मॅजपेक्षाही सुसाट सुटतो, इतका की फ्यूगमधले आवाज एकमेकांच्या अंगावर येतात. वेळ खर्च होतो तो संथ जागांवर. तिसऱ्या खंडातलं अडाज्यो ऐका. त्याच्या हाताखाली प्रत्येक कॉर्ड हवेत विरायला पुरता अवधी मिळतो, आणि पियानोचा नाद असा भरीव की कुणी मोठ्या दगडी देवळात वाजवतंय असं वाटावं. तिथे त्याला तोड नाही.

मॅजचं बळ वेगळं. मैफल आहे, समोर माणसं बसली आहेत, थांबून पुन्हा वाजवायची सोय नाही. चुकीचे सूर आहेत, तालाचे तपशील काही जागी ढोबळ आहेत, पानांवरच्या गुंतागुंतीला तो कधी सरळ वळण देऊन टाकतो. पण चार तासांचा ओघ तुटत नाही. कुठला भाग कशासाठी आलाय, कुठे चढ आहे आणि कुठे विसावा, हे मॅजकडून कळतं. ऑग्डनमध्ये दृश्यं भव्य आहेत, पण रस्ता हरवतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा ऐकताना शिकागोचा मॅज घ्यावा. वेळ कमी हे एक कारण, आणि रचनेचा आराखडा त्यातून लवकर हाती येतो हे दुसरं. रचना एकदा पार केल्यावर ऑग्डनकडे जावं, आणि तेही सुरुवातीपासून नाही: अडाज्यो, पासाकाल्या आणि शेवट. ‘सर्वोत्तम कोणतं’ या वादात ऑग्डनचे भक्त माझ्यावर तुटून पडतील, पडोत. त्यांनी चौथी फ्यूग दोघांची एकापाठोपाठ ऐकावी.

जोखायच्या तीन जागा

चार तास ऐकून मग ठरवणं व्यवहार्य नाही. सुमारे अर्ध्या तासात अंदाज येतो.

पहिली जागा, पहिल्या फ्यूगची सुरुवात. एकच धून उघडी येते, मग दुसरा आवाज, तिसरा, चौथा. चौथा आला की डोळे मिटून पहिला आवाज शोधा. तो अजून ऐकू येत असेल तर वादक फ्यूग वाजवतोय. सगळाच गोंगाट झाला असेल तर तो नुसते सूर वाजवतोय.

दुसरी जागा पासाकाल्याची, सुरुवातीची दहा-बारा व्हेरिएशन्स. लेहरा मनात धरा आणि मोजत बसा. प्रत्येक फेरीला रंग बदलतोय का, की जोर आणि वेग एवढंच वाढतंय? इथे फोनचा स्पीकर चालत नाही. खर्ज ऐकूच येत नाही आणि सगळा डोलारा त्यावर उभा. साधे तारेचे हेडफोन चालतील, महागड्या यंत्रणेची गरज नाही.

तिसरी जागा म्हणजे अगदी शेवटची काही मिनिटं. दमलेल्या वादकाची परीक्षा इथे होते. आवाज मोठा आहे, पण त्या मोठ्या आवाजातही वरचा सूर, मधलं आणि खर्ज वेगळं काढता येतंय का हे बघा. लोखंडावर हातोडा पडल्यासारखं एकसुरी वाजत असेल तर एकतर वादक संपलाय किंवा फाइलची प्रत वाईट आहे. त्यातलं काय, हे ठरवायला तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या सेवेवर लावून पाहा. कुणी जुन्या एलपीवरून घरी उतरवून चढवलेली फाइल असेल तर फरक लगेच कळतो.

मिळवायचं कुठून

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. दुकानात जाऊन ‘परदेशातून मागवून द्या’ म्हणायचे दिवस गेले. आता मार्ग तीन.

स्ट्रीमिंग सगळ्यात सोपं. बिसची ध्वनिमुद्रणं मोठ्या सेवांवर आढळतात, त्यामुळे मॅजपासून सुरुवात करायला हे आणखी एक कारण. ऐकण्याआधी ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन शफल बंद करा, क्रॉसफेड बंद करा आणि गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सोय) चालू ठेवा. क्रॉसफेड चालू राहिलं तर एका भागाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो आणि फ्यूगचा एकटा पहिला सूर गिळला जातो. जाहिराती असलेली फुकट सेवा या रचनेला चालणारच नाही. पासाकाल्याच्या मध्ये कुणी टूथपेस्ट विकायला आलं तर सगळंच मुसळ केरात.

आल्टारुसचा ऑग्डन ही जुन्या सीडींच्या बाजारातली वस्तू. डिस्कॉग्जसारख्या संकेतस्थळावर घेताना सीडीची आणि पुस्तिकेची अवस्था वेगवेगळी लिहिलेली असते, दोन्ही वाचा. संचातल्या सगळ्या सीडी आहेत का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा आणि प्रत्येक सीडीच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. सोराबजीच्या संचाला पुस्तिका नसेल तर दर पाडून मागावा, कारण भागांची विभागणी आणि वेळा तिच्यातच असतात. परदेशातून मागवत असाल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, नाहीतर पोस्टमन दारात उभा राहून जास्तीचे पैसे मागतो तेव्हा चिडचिड होते.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष मैफिली आणि रेडिओ. जोनाथन पॉवेल आणि डान व्हांडेवाले या पियानोवादकांनी अलीकडच्या काळात ही रचना युरोपात संपूर्ण वाजवली आहे. पॉवेलची मैफल कुठे प्रसारित झाल्याचं कळलं तर सगळी कामं बाजूला ठेवा.

नोटेशन समोर ठेवून ऐकायचं असेल तर एक लक्षात घ्या. सोराबजी १९८८ मध्ये गेला, आणि भारतात स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २०४८ संपेपर्यंत. कुठेतरी फुकट मिळालेली पीडीएफ ही कायदेशीर प्रत नव्हे. रीतसर प्रती इंग्लंडमधल्या सोराबजी आर्काइव्हकडून मिळतात. ही संस्था संगीतकार ॲलिस्टेर हिंटननं उभी केली, तो सोराबजीचा स्नेही. प्रत घेतलीत तर संगीत शिकलेलं नसलं तरी चालतं. फ्यूगचा विषय कागदावर एकदा डोळ्यांना ओळखीचा झाला की पुढच्या पानांवर तो आपोआप दिसायला लागतो.

ऐकायची तयारी

थेट उडी मारू नका. आधी बुसोनीची ‘फान्तासिया कॉन्त्रापुन्तिस्तिका’ ऐका. १९१० ची, साधारण अर्ध्या तासाची, आणि सोराबजीनं आपला आराखडा तिच्यावरूनच बेतला. मग सोराबजीची रात्रीच्या वातावरणातली एखादी शांत रचना, उदाहरणार्थ ‘ल जार्दँ पार्फुमे’ म्हणजे ‘सुगंधी बाग’. सोराबजीनं ती रेडिओवर वाजवली तेव्हा ऐकून डेलियस या संगीतकारानं त्याला कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. हाबरमान आणि सॉलोमन दोघांनीही ती ध्वनिमुद्रित केली आहे. फ्यूगवाला सोराबजी आणि बागेतला सोराबजी एकच, हे आधी कानाला कळलं की अडाज्योला पोचल्यावर ओळख पटते.

त्यानंतर मुख्य रचना तीन बैठकांत, एका बैठकीला एक खंड. पहिला खंड तासाभराचा, तो एखाद्या संध्याकाळी सहज होतो. दुसरा आणि तिसरा लांब आहेत, त्यासाठी सुट्टीची सकाळ बरी. एका दमात चार तास ऐकल्याची फुशारकी मारायची असेल तर ती दुसऱ्या फेरीला.

मॅज आणि ऑग्डन दोघांत स्वच्छतेची कमतरता जाणवली आणि ‘सोराबजी नीट वाजवता येतो तरी का?’ असा प्रश्न पडला, तर फ्रेड्रिक उलेनकडे जा. हा स्वीडनचा पियानोवादक मज्जासंस्थेचा संशोधकही आहे आणि त्यानं सोराबजीच्या शंभर ‘ट्रान्सेन्डेन्टल स्टडीज’ बिससाठी संपूर्ण ध्वनिमुद्रित केल्या आहेत. यातल्या कित्येक दोन-तीन मिनिटांच्या, त्यामुळे चहा उकळेपर्यंत एखादी ऐकून होते. आणि पॉवेलनं २०२० मध्ये ‘सेक्वेन्तिया सायक्लिका’ काढली: सात सीडी, ‘दिएस इरे’ या जुन्या चर्चगीतावरची २७ व्हेरिएशन्स, आठ तासांहून जास्त. वाजवण्याच्या दर्जानं ती मॅज-ऑग्डनच्या कितीतरी पुढे आहे. पण तिच्यापासून सुरुवात करू नका. त्यातलं एखादं व्हेरिएशनच पाऊण तासाच्या पुढे जातं.